मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही? आधी मोजा, मग वायर टाका

आमचं घर विलेपार्ले पूर्वेला, जुन्या चार मजली इमारतीत. पुढे हॉल, मध्ये स्वयंपाकघर आणि त्याला लागून संडास-बाथरूम, मागे एक खोली. त्या खोलीत सासूबाई असतात. रोज रात्री साडेआठला सांगलीहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल येतो. गेलं वर्षभर आई हा कॉल स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून घेत होत्या, एक हात चौकटीला धरून. खोलीत पलंगावर बसलं की मावशींचा चेहरा थिजायचा आणि आवाज तुटायचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रोज पाऊण तास उभं राहायचं, हे मला बघवत नव्हतं.

नेहमीचे उपाय करून झाले होते. राउटर बंद करून चालू केला की दहा-पंधरा मिनिटं छान चालायचं, मग पुन्हा तेच. तक्रार केली की नेटवाला मुलगा यायचा, राउटरशेजारी उभा राहून फोनवर स्पीड दाखवायचा, "बघा ताई, फुल येतंय," म्हणायचा आणि जायचा. त्याचंही खोटं नव्हतं, राउटरपाशी खरंच पूर्ण वेग होता. मग आम्ही शंभर एमबीपीएस वेगाचा प्लॅन दोनशेचा केला. मागच्या खोलीत काडीचाही फरक पडला नाही.

शेवटी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन मोजायला बसले. जे आधी करायला हवं होतं ते शेवटी केलं, म्हणून ज्या क्रमानं करायला हवं त्याच क्रमानं इथे लिहिते आहे. मुंबईतल्या बहुतेक घरांत हाच त्रास थोड्याफार फरकानं असतो.

आजार कुठला ते आधी ठरवा

"नेट चालत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. बाहेरून येणारी लाइनच ढिली असते, किंवा घरातल्या घरात सिग्नल पोचत नसतो, किंवा सिग्नल पोचतो पण आजूबाजूच्या राउटरांच्या गर्दीत अडकतो. तिन्हींची लक्षणं सारखीच दिसतात, औषध मात्र पूर्ण वेगळं.

लाइन तपासायला लॅपटॉप लॅन केबलनं थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. तिथेच वेग कमी आला तर वायफायच्या मागे लागू नका, कंपनीला फोन करा. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे फायबर कुठेतरी तुटली, निसटली किंवा फार दुमडली आहे. वायर सोफ्यामागे घडी करून दाबलेली नाही ना, एवढं जरूर बघा. तांब्याची वायर वाकवली तरी चालते, फायबरमध्ये काच असते. तिला घट्ट कोपरा दिला की प्रकाश बाहेर गळतो.

केबलवर वेग पूर्ण आला की दुसरी चाचणी. ज्या खोलीत त्रास आहे तिथे लॅपटॉप वायफायवर घ्या, कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि पिंग लिहून पुढे आपल्या राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या खालच्या लेबलवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. इथे आपण इंटरनेट तपासतच नाही, फक्त खोली ते राउटर एवढाच प्रवास तपासतो. चांगल्या सिग्नलवर उत्तर दोन ते दहा मिलिसेकंदांत येतं. आमच्या मागच्या खोलीत कधी २००, कधी ६००, आणि मध्येच उत्तर नाही. सांगलीचा, कंपनीचा, प्लॅनचा काही संबंध नव्हता. जे काही बिघडत होतं ते आमच्याच पंचवीस-तीस फुटांत.

काड्या बघू नका, आकडा बघा

फोनवरच्या वायफायच्या काड्यांवर विसंबून राहू नका. प्रत्येक फोन त्या आपल्या हिशेबानं दाखवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो आणि तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. −४० म्हणजे राउटरशेजारी, −५० ते −६० म्हणजे उत्तम, −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो, −७०च्या पुढे धडधड सुरू होते आणि −८०ला फोन नुसता जोडलेला दिसतो, काम काही होत नाही. या मापात दर ३ आकड्यांना ताकद निम्मी होते आणि १० आकड्यांना दहावा हिस्सा उरतो. −६७ आणि −७७ यांत फक्त दहाचा फरक वाटतो, पण एकाच्या दहापट कमी सिग्नल दुसऱ्यात आहे.

अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर नावाची बरीच फुकट ॲप आहेत, त्यातलं कुठलंही चालेल. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्यायचं आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपखाली वायफाय स्कॅनर चालू करायचं. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा समोर येतो.

मोजताना घाई करू नका. फोन जिथे आणि जितक्या उंचीवर वापरला जातो तिथेच धरायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि मधला आकडा लिहायचा. मी घराचा साधा नकाशा काढला आणि त्यावर आकडे लिहीत गेले. हॉलच्या सोफ्यावर −४४. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी −५८. आई जिथे उभ्या राहायच्या त्या दारात −६६. तिथून एक पाऊल आत −७२. पलंगावर उशीपाशी −७९. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. हे सगळे २.४ गिगाहर्ट्झचे आकडे. ५ गिगाहर्ट्झ पलंगापर्यंत पोचतच नव्हता.

त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत राहिले. आईंनी ॲप नाही, आकडा नाही, नुसत्या अनुभवानं घरातली शेवटची चालणारी जागा बरोब्बर शोधली होती.

मध्ये काय काय आडवं येतंय

आता त्याच नकाशावर राउटरपासून पलंगापर्यंत पट्टीनं सरळ रेघ मारा. सिग्नल दारांतून वळणं घेत थोडाफार येतो, पण मुख्य भाग सरळ रेषेतच येतो, त्यामुळे ही रेघ बरंच सांगून जाते. आमचा राउटर हॉलच्या पुढच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे खिळ्याला टांगलेला. का, तर फायबर दरवाजाच्या वरून आली आणि लावणाऱ्याला तीच जागा सोयीची होती. मुंबईत नव्वद टक्के वेळा राउटरची जागा घराच्या सोयीनं ठरत नाही, वायर कुठून आत आली यावरून ठरते, असं मी आता खात्रीनं म्हणेन.

आमच्या रेघेनं पहिल्यांदा टीव्हीचं पॅनेल ओलांडलं, मग स्वयंपाकघराची नऊ इंची विटांची भिंत, मग अख्खं बाथरूम, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टाइल्स, भिंतीतले पाण्याचे पाइप आणि भरलेलं पिंप, आणि शेवटी मागच्या खोलीच्या भिंतीला टेकलेलं आईंचं लोखंडी कपाट, ज्याच्या दारावर पूर्ण उंचीचा आरसा. या यादीत सर्वांत वाईट कोण, तर कपाट. विटांतून सिग्नल कमी होऊन का होईना, पार जातो. लोखंडाचा सपाट पत्रा त्याला परतवून लावतो, आरशामागचा धातूचा थरही तेच करतो. पाणी सिग्नल शोषून घेतं. म्हणून पिंप, फिश टँक, माळ्यावरची पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर कधी ठेवू नये. फ्रीजमागेही नको.

भिंती किती हे सगळे मोजतात, पण तिरकसपणा फारसा कोणी बघत नाही. नऊ इंची भिंतीतून सिग्नल समोरासमोर गेला तर त्याला नऊ इंच विटा लागतात. ४५ अंशांत तिरका गेला तर जवळपास पावणेतेरा इंच, आणि ६० अंशांत गेला तर अठरा इंच. राउटर कोपऱ्यात असला की घरातली जवळजवळ प्रत्येक भिंत तिरकी पडते. तोच राउटर भिंतीच्या मध्यावर आणला तर भिंत तीच राहते, पण पातळ झाल्यासारखी वागते.

आम्ही आधी फुकटातलं करून बघितलं. राउटर टीव्हीमागून काढून हॉलच्या आतल्या बाजूच्या शोकेसवर, साधारण साडेपाच फुटांवर ठेवला, फायबर जेवढी पुरली तेवढ्यात. अँटेना सरळ उभ्या केल्या. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा, चहूबाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेला फार कमी जातो, म्हणून एकाच मजल्यावरच्या घरात त्या उभ्याच हव्यात. मग आईंना विचारून कपाट बाजूच्या भिंतीला सरकवलं. "अगं, साड्या काढल्याशिवाय हलायचं नाही ते," म्हणाल्या आणि स्वतःच एकेक साडी पलंगावर रचून दिली. संध्याकाळी मोजलं तर उशीपाशी −७१. आठ आकडे सुधारले होते, एक रुपयाही न खर्चता. अजून पुरेसं नव्हतं.

बंद करून चालू केलं की का चालतं

हे कोडं सोडवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण यामुळेच माणसं महिनोन्‌महिने फसतात. राउटर चालू-बंद केला की सुधारतं, म्हणून आपण म्हणतो राउटर खराब झालाय आणि नवीन आणतो. नवा राउटर त्याच कोपऱ्यात लागतो आणि आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न.

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनल, म्हणजे राउटरला बोलायच्या जागा, आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना अजिबात न शिवणारे तीनच, १, ६ आणि ११. बरेच राउटर चालू होताना एकदा इकडेतिकडे कानोसा घेतात, त्या क्षणी जो चॅनल मोकळा वाटेल तो धरतात आणि मग त्यावरच बसून राहतात. दुपारी मोकळा असलेला चॅनल रात्री साडेआठला मोकळा राहत नाही. त्या वेळी अख्खी इमारत घरी असते. आमच्या मागच्या खोलीतून ॲपमध्ये २३ नेटवर्क दिसत होती, समोरच्या इमारतीची धरून. आम्ही चालू-बंद करायचो तेव्हा राउटर घडीभर बऱ्या चॅनलवर जायचा, मग शेजाऱ्यांचे राउटरही तिथेच यायचे.

एका चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीनं बोलतात. गर्दी झाली तर पाळी उशिरा येते, पण येते. म्हणून कोणी ३ किंवा ९ "रिकामा दिसतो" म्हणून धरत असेल तर ते चूक आहे. त्या मधल्या चॅनलवर दोन्हीकडचा आवाज येतो, ३वर १ आणि ६चा, ९वर ६ आणि ११चा, तो नीट समजत नाही, नुसता गोंगाट होतो आणि पाळीची शिस्तही राहत नाही. रात्री साडेआठलाच ॲप उघडा, १, ६, ११ पैकी ज्यावर जोरदार शेजारी कमी आहेत तो निवडा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते पान) ऑटो काढून तो पक्का करा. २.४ची चॅनल रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर कागदावर वेग वाढतो, पण गर्दीच्या इमारतीत आपलं आणि शेजाऱ्यांचंही नुकसान होतं.

मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तो चालू असताना शेजारच्या फोनचं वायफाय अडखळलं तर नवल नाही. तो आणि राउटर निदान वेगवेगळ्या भिंतींना ठेवा.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं या पट्ट्याचा बराच मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला केला. पण त्याची लाट लहान, सहा सेंटिमीटरच्या आसपास, आणि भिंतीत ती २.४पेक्षा लवकर संपते. राउटर असलेल्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५, त्यापलीकडे २.४, असा साधा हिशेब ठेवा. एक सूचना मुंबईकरांसाठी मुद्दाम देते. ५च्या पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनल रडारच्या वाट्याचेही आहेत. रडारची चाहूल लागली की राउटर तो चॅनल सोडतो आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर गेला तर निदान मिनिटभर गप्प बसून ऐकतो. जोगेश्वरीच्या वेरावलीत हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार २०२२पासून आहे. "नावात ५ जी लिहिलेलं घरचं वायफाय मध्येच गायब होतं आणि परत येतं" असा त्रास असेल तर चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला लावा.

सगळी घरं सारखी नसतात

माझा भाऊ कांजूरमार्गला नव्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या घरी कपाट, पिंप काही मध्ये नाही, घरही आमच्यापेक्षा लहान, तरी बेडरूममध्ये −८०. कारण हे नवे टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, मिवान पद्धत म्हणतात ती. विटा नाहीतच, घरातल्या आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. अशा घरात राउटर सरकवून फारसं हाती लागत नाही. त्याचं नशीब एवढं की बिल्डरनं टीव्हीच्या जागेपासून बेडरूमपर्यंत भिंतीतून पाइप टाकून ठेवला होता. नवीन घर घेणाऱ्यांनी ताबा घेतानाच इलेक्ट्रिशियनला विचारून असे पाइप कुठून कुठे गेलेत ते लिहून घ्यावं. पुढे भिंत फोडावी लागत नाही.

उलट माझ्या आत्याची गिरगावातली खोली. चाळ जुनी, मधलं पार्टिशन लाकडाचं, एका राउटरनं खोली, मोरी आणि बाहेरची गॅलरी सगळं भरून जातं. तिथे सिग्नल −४५ असूनही नेट रखडायचं, कारण एका मजल्यावर इतके राउटर की २.४वर हलायला जागा नव्हती. तिथे दुसरा राउटर लावणं म्हणजे गर्दीत आणखी एक माणूस. सगळे फोन ५वर नेले, चॅनल ३६ लावला, झालं. म्हणून म्हणते, आकडा बघितल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

काय घेऊ नका

मोठमोठ्या सहा अँटेनांचा राउटर बघून वाटतं की हा भिंत भेदून जाईल. वायफाय हे दोघांचं बोलणं आहे. राउटरचा आवाज मोठा झाला तरी फोनचा तेवढाच राहतो, आणि फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचलं नाही तर कॉल तुटणारच.

भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा एक्स्टेंडर स्वस्त मिळतो आणि आम्हीही तो आधी आणला होता. स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच रेडिओवर राउटरचं ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. एखाद्या भाड्याच्या घरात, जिथे वायर टाकताच येत नाही, तिथे तो जरूर वापरा, पण जागा नीट निवडा. लोक तो नेमका मेलेल्या खोलीत लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? त्याला मधल्या जागी, जिथे मुख्य राउटरचा आकडा −६० ते −६५ आहे तिथे लावा. मेश सेटचंही, म्हणजे एकमेकांशी बोलून एकच वायफाय पसरवणाऱ्या दोन-तीन डब्यांचंही, तसंच. दोन डब्यांमध्ये काँक्रीट असेल तर महागडा मेशही अडखळतो. त्यालाच मागून वायर जोडली की तो उत्तम चालतो.

वायर

इथे मी ठाम आहे. हवेतून जे पोचत नाही ते वायरीतून नेलं की हा त्रास कायमचा मिटतो. लॅन केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते, घरात लागते फार तर पंधरा-वीस मीटर.

लॅमिंग्टन रोडला केबल घेताना दुकानदारानं दोन ठेवल्या, दिसायला सारख्या, किमतीत निम्म्याचा फरक. "स्वस्तवाली पण कॅट सिक्सच आहे," म्हणाला. मी ब्लेड मागितलं. एका तारेचं प्लास्टिक सोलून आतली तार हलकेच खरवडली, तर तांबडा रंग निघाला आणि खाली पांढरट चमक दिसली. म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. ती ठिसूळ असते, वळवताना तुटते आणि टोकं नीट बसत नाहीत. दुसरी खरवडली, आतपर्यंत तांबं. तीच घेतली.

वायर हॉलमधून छताच्या कडेनं, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरून, पॅसेजमधून मागच्या खोलीत नेली, पांढऱ्या केसिंग पट्टीत. भिंतीला एकच भोक पाडावं लागलं. विजेच्या वायरींच्या पट्टीत ती घालू नका, २३० व्होल्टच्या वायरी आणि ही वायर वेगळ्याच हव्यात. वायरमन काकांनी शॉर्टकट म्हणून तेच सुचवलं होतं. "काका, पट्टीचे पैसे मी देते, पण वेगळीच टाका," म्हटल्यावर त्यांनी टाकली.

टोकं बसवताना मी शेजारीच उभी होते. आठ तारा, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. जोडल्यावर सगळं चालू झालं, पण वेग ९४च्या वर जाईना. राउटरच्या पानावर त्या पोर्टपुढे १०० दिसत होतं. हा आकडा ओळखून ठेवा. शंभरच्या वेगाला आठांपैकी चारच तारा लागतात, हजाराच्या वेगाला आठही. एखादी तार नीट चावली गेली नसेल तर जोडणी बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर उतरते. भिंगातून बघितलं तर टोकात तपकिरी तार मिलिमीटरभर मागे राहिली होती. टोक कापून पुन्हा बसवलं, पोर्टपुढे १००० आलं.

जुना राउटर कामाला लावा

मागच्या खोलीत लावायला मी नवीन काही घेतलं नाही. २०२०मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा घेतलेला राउटर माळ्यावर पडून होता. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे वायरीतून आलेलं नेट नुसतं वायफायवर पसरवायची सोय, असेल तर तो निवडायचा, बाकी तो सांभाळतो. नसेल तर हातानं करायचं, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. लॅपटॉप केबलनं फक्त त्या जुन्या राउटरला जोडा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा. चॅनल मात्र वेगळा, पुढे १ असेल तर मागे ११. मग त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२, आणि मुख्य राउटर फोनना जे पत्ते वाटतो त्या यादीत हा आकडा येत नाही ना, तेवढं बघा. सर्वांत शेवटी डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करा. ते आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळेनासा होतो आणि ते पान पुन्हा उघडत नाही. आता हॉलमधून आलेली वायर याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये नको. घरात पत्ते वाटणारा एकच राउटर असला पाहिजे. दोघं वाटायला लागले की फोन जोडलेले दिसतात आणि नेट येत नाही.

एक अडचण नंतर लक्षात आली. आई हॉलमधून खोलीत गेल्या तरी त्यांचा फोन हॉलच्याच राउटरला चिकटून राहायचा, −७१वर. बरेच फोन जुना सिग्नल लवकर सोडत नाहीत. म्हणून पुढच्या राउटरची पाठवण्याची ताकद सेटिंगमध्ये पूर्णवरून मध्यमवर आणली. आता मागे गेलं की पुढचा लवकर क्षीण होतो आणि फोन आपणहून मागचा धरतो.

याचा फायदा हॉललाही झाला. कमकुवत सिग्नलवरचा फोन फार हळू बोलतो आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो, बाकीचे थांबून राहतात. मागच्या खोलीतला फोन −७९वर रखडत होता तेव्हा हॉलमध्ये मुलीचा अभ्यासाचा व्हिडिओ अडकायचा तो त्यामुळे.

पावसाळ्यात एकदा पुन्हा मोजा. ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. आणि राउटर स्वतःहून बंद-चालू व्हायला लागला तर आधी अडॅप्टर बदलून बघा. त्यावरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

आता उशीपाशी ५ गिगाहर्ट्झवर −४६ येतो. राउटर आईंच्या खिडकीवरच्या फळीवर आहे. पहिल्या रात्री साडेआठला त्या सवयीनं उठून दाराकडे निघाल्या, मीच त्यांना हाताला धरून परत पलंगावर बसवलं. मावशी सांगलीहून म्हणाल्या, "ताई, आज तुझ्या मागची खिडकी दिसतेय."

फळीच्या खालच्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. दोन्ही राउटरांचे पत्ते, कुठला कुठल्या चॅनलवर, पाच जागांचे आकडे आणि मोजल्याची तारीख. पुन्हा काही बिघडलं की आधी तो कागद काढायचा आणि त्याच पाच जागी उभं राहून मोजायचं.